वॉल्टरना सांगायचं राहून गेलेलं

मंदार, केतकी,

मागच्या महिन्यात फोनवर मंदारने मला विचारलं, "आजी, आजोबा जपानमध्ये सोल्जर होते ना, वॉज ही वन ऑफ द गुड गाइज?" फोन तीन मिनिटांचा. त्यातलं एक मिनिट "ऐकू येतंय का" यातच गेलेलं. मी "हो" म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला. उत्तर चुकलं नव्हतं, पण अपुरं होतं, आणि अपुऱ्या उत्तराला मी शाळेत कधी पूर्ण गुण दिले नाहीत. म्हणून लिहायला बसले आहे.

दोन वर्षांपूर्वी, १९८५ च्या उन्हाळ्यात, मी तुमच्याकडे वेस्ट विंडसरला आले होते. तेव्हा मध्येच चार दिवस मी ओहायोला जाऊन आले. आजोबांच्या मित्राकडे जाते आहे एवढंच तुम्हाला सांगितलं होतं. मंदार दहा वर्षांचा होता, केतकी सात. तिथे मी कशासाठी गेले आणि काय करून आले, ते आता सांगायला हरकत नाही. तुमची आई, नीला, वाचून दाखवील. जिथे अडेल तिथे तिने थांबून समजावून सांगावं.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आजोबा मराठा पलटणीत हवालदार क्लर्क होते. हजेरीपट, रजेचे अर्ज, शिध्याच्या नोंदी, आणि ज्या शिपायांना लिहिता येत नसे त्यांची घरची पत्रं, हे त्यांचं काम. जपान हरला तेव्हा जिंकलेल्या देशांनी तिथे आपलं सैन्य बसवून ठेवलं. त्यात बहुतेक अमेरिकन होते, पण इंग्रजांनी आपल्या हिंदुस्थानी पलटणीही पाठवल्या. आजोबा १९४६ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी परत आले. आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. टोकियोत बादशहाच्या राजवाड्याबाहेर पहारा असे. तिथे आपले लोक पाळीपाळीने जात. चौकीत आजोबांच्या टेबलासमोर अमेरिकन बाजूच्या नोंदी ठेवणारा एक एकवीस वर्षांचा मुलगा बसे. ओहायोतल्या शेतकऱ्याचा मुलगा. तेच वॉल्टर. हवालदार म्हणजे त्यांच्याकडचा सार्जंट, म्हणून ते आजोबांना कायम सार्जंटच म्हणत.

मायदेशी परतल्यावर दोघं वर्षाला एकेक पत्र लिहू लागले. वॉल्टरचं नाताळाला येई, आपलं संक्रांतीच्या सुमारास जाई. आजोबांचं इंग्रजी कचेरीतलं. 'आय बेग टु स्टेट' असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. म्हणून ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहीत असे, आणि खाली ते सही करत. तीसहून जास्त पत्रं अशी गेली.

१९८१ च्या फेब्रुवारीत आजोबा गेले. आपल्याकडे अशी बातमी छापील कार्डाने कळवतात. कार्डाचा एक कोपरा फाडतात, म्हणजे हातात घेताच माणसाला कळावं. वाचून झालं की ते कार्ड घरात ठेवत नाहीत, फाडून टाकतात. माझा पुतण्या वसंता याने पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना कार्डं पाठवली. वहीत अमेरिकेचाही पत्ता होता. त्याने त्याही कार्डाचा कोपरा फाडला, मागे पत्ता लिहिला, तिकिटं लावली आणि वहीत बरोबरची खूण केली. ओहायोत मराठी कोण वाचणार, हे त्याला सुचलं नाही. मी त्या दिवसांत कशाचीच चौकशी केली नाही.

डिसेंबरात वॉल्टरचं पत्र आलं. "सार्जंट, कार्ड मिळालं. पोस्टाच्या यंत्राने एक कोपरा खाल्ला, पण बाकी फार सुरेख आहे. घरातल्या लग्नाबद्दल अभिनंदन. कोणाचं ते मात्र आम्हाला वाचता आलं नाही." सोबत नवीन जोडप्यासाठी टेबलक्लॉथ होता. काही वर्षांपूर्वी तुमच्या आत्याच्या लग्नाची पत्रिका त्यांना गेली होती. तिच्यावर तारीख, ठिकाण, खाली नावांची ओळ. आमच्या कार्डावरही दशक्रियेची तारीख, ठिकाण आणि नावांची ओळ होतीच. चूक समजण्यासारखी होती.

मी लगेच खरं कळवायला हवं होतं. तीनदा पत्र लिहिलं, तीनदा ठेवून दिलं. पेन्शन माझ्या नावावर झालं होतं, बँकेचं पुस्तक, विजेचं बिल, सगळं झालं होतं. पोस्टमन आजोबांचं नाव घेऊन दारात यायचा तो आता फक्त त्या पत्रासाठी. मी नेहमीसारखं उत्तर लिहिलं आणि खाली त्यांचं नाव घातलं. पुढच्या वर्षीही घातलं. अशी चार वर्षं गेली.

वेस्ट विंडसर, बुधवार

अविनाशला, म्हणजे तुमच्या बाबाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. मी वॉल्टरना भेटायला जायचं म्हटल्यावर त्याने आनंदाने फोन लावला. दोन मिनिटं बोलला आणि मग त्याचा चेहरा बदलला. रिसीव्हरवर हात ठेवून तो मला म्हणाला, "आई, ते विचारतायत सार्जंट पण येणार का. त्यांना माहीत नाही?"

"नाही."

"नाही म्हणजे? इट्स बीन फोर इयर्स, आई."

"म्हणूनच जायचंय. तू काही बोलू नकोस. दे इकडे."

मी फोन घेतला आणि म्हणाले, मी एकटीच येते आहे. ते म्हणाले, "अच्छा, सार्जंट घर सांभाळतोय वाटतं." मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही.

फोन ठेवल्यावर अविनाश म्हणाला, "मी ड्राइव्ह करतो. वीकएंडला जाऊन येऊ."

"तू बरोबर असलास की तू सांगशील."

"सो?"

"मी केलंय, मीच सांगणार. मला बसमध्ये बसवून दे."

नीला म्हणाली, "आई, ओहायो म्हणजे कऱ्हाड नव्हे." आणि तिने दशम्या करायला घेतल्या.

बसमध्ये, गुरुवार

फिलाडेल्फियाहून बस सकाळी निघाली. प्रवासाचं वर्णन फारसं करत नाही, कारण रस्ता एकसारखा होता. डोंगर लागले, पण घाट लागला नाही. डोंगर फोडून रस्ता सरळ नेलेला. आपल्याकडे रस्ता डोंगराची समजूत घालत वर चढतो. डोंगर संपल्यावर शेतं आली. मैलोगणती मका, आणि त्यात एकही माणूस वाकलेला दिसेना. गोठ्याच्या इमारती राहत्या घरांपेक्षा मोठ्या आणि लाल रंगवलेल्या.

शेजारी एक काळ्या वर्णाच्या बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या. मी दशमी आणि लोणचं पुढे केलं. त्यांनी लोणचं चाखलं आणि डोळे मिटून बराच वेळ थांबल्या.

"हे तुम्ही रोज खाता?"

"रोज."

"आणि तरी जिवंत आहात," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक फोड घेतली. मग त्यांनी विचारलं, "ओहायोत कोण आहे?"

"माझ्या नवऱ्याचे मित्र."

"नवरा तिथे वाट पाहतोय?"

"नाही. ते वारले. चार वर्षं झाली."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. इंग्रजीत हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. वाक्य पाच-सहा शब्दांचं होतं आणि अजिबात अडखळलं नाही. मला धीर आला.

दुपारी बस एका ठिकाणी थांबली. हात धुऊन मी परत आले आणि आपल्या जागेवर बसले, तर तिथे माझी पिशवी नव्हती. पलीकडच्या टोपीवाल्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, तुम्हीही बफेलोला?" बाहेर तीन बसेस शेजारी शेजारी उभ्या होत्या, तिन्ही अगदी सारख्या. माझ्या बसच्या दारात त्या बाई उभ्या होत्या आणि ड्रायव्हरला सांगत होत्या, "ती लोणच्यावाली येईपर्यंत ही बस हलणार नाही."

गावात उतरले तेव्हा चार वाजले होते. बसचा थांबा म्हणजे औषधाच्या दुकानासमोरचं मोकळं मैदान. एक उंच, वाळकेसे गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे होते. मी उतरले, नमस्कार केला. त्यांनीही हात जोडले, पण नजर माझ्या मागे बसच्या दाराकडे. दार बंद झालं तरी त्यांनी आणखी क्षणभर वाट पाहिली.

"फोनवर सांगितलं होतं मी," मी म्हणाले.

"हो, हो. पण सार्जंटला थट्टा करायची सवय होती. म्हटलं, शेवटच्या पायरीवर लपला असेल."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ड्रायव्हर माझं सामान कोणतं ते विचारत होता, आणि मी सामान दाखवायला वळले.

वॉल्टरचं घर, गुरुवार संध्याकाळ

घर लाकडी, पांढरं, भोवती तिन्ही बाजूंनी मका. वॉल्टरच्या पत्नी डॉरिस दारातच भेटल्या. बुटक्या, हसऱ्या, एका गुडघ्याने लंगडणाऱ्या. त्यांनी मला घर दाखवलं. बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर घरच्या लोकांची छायाचित्रं होती. लग्नाची, नातवंडांची, मुलाचं शाळेच्या गणवेशातलं. त्यांच्या मधोमध एका लाकडी चौकटीत आजोबांच्या निधनाचं कार्ड.

डॉरिसनी फाटलेला कोपरा झाकला जावा म्हणून चौकटीच्या आत निळ्या पुठ्ठ्याची किनार बसवली होती. किनारीचा निळा रंग कार्डाच्या काळ्या रेघेला शोभत होता.

"वॉल्टने तुमच्या देशातून आलेली एकच वस्तू भिंतीवर लावलीय," त्या म्हणाल्या. "अक्षरं किती सुरेख, वरून दोरीवर वाळत घातल्यासारखी."

मी म्हणाले, "हो, आमची लिपी तशीच आहे."

आपल्याकडे जे कार्ड उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत, ते मी त्या घरात मानाच्या जागी पाहत होते. त्याखाली बसून चहा प्याले.

जेवायला कोंबडी, उकडलेला मका आणि वाटाणे होते. गाईचं मांस घरात कालपासून शिजवलं नाही, असं डॉरिसनी सांगितलं. वॉल्टरनी बजावलं होतं. टोकियोत अमेरिकन शिध्यात गोमांसाचे डबे असत. ते आजोबांसमोर उघडायचे नाहीत, हे त्यांनी चाळीस वर्षं लक्षात ठेवलं होतं. जेवणाआधी सगळ्यांनी हात धरायचे आणि प्रार्थना करायची अशी त्यांची रीत. वॉल्टर म्हणाले, "या अन्नाबद्दल आभार, पाहुणीबद्दल आभार, आणि सार्जंटला उत्तम प्रकृती लाभो." डॉरिस म्हणाल्या, "आमेन." माझे दोन्ही हात त्यांच्या हातांत होते.

शुक्रवार

दुसऱ्या दिवशी सांगायचंच, असं ठरवून उठले. पण न्याहारी झाल्यावर वॉल्टर टोकियोच्या आठवणी सांगू लागले आणि मी गप्प बसले. कारण लिहून टाकते. मी सांगितलं असतं तर ते थांबले असते, आणि मला पुढचं ऐकायचं होतं.

आजोबा जपानबद्दल घरी फार बोलत नसत. बर्फ होता, लोक शिस्तीचे होते, बंदरावर परत येणाऱ्या जपानी सैनिकांची यादी करावी लागे, इतकंच. त्यांच्या पत्रांत सदैव मजेत असल्याचं लिहिलेलं असे. वॉल्टरकडून जे कळलं ते वेगळं.

"युद्ध चालू असताना माणसाला घरची आठवण काढायला वेळ नसतो," वॉल्टर म्हणाले. "आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलेलं. शत्रू नाही, लढाई नाही. दरवाजा राखायचा, ज्यातून कोणी घुसणार नाही. दिवसाला चोवीस तास नुसते घराचे. तुमचे शिपाई संध्याकाळी ओळीने तुमच्या नवऱ्यापुढे बसत आणि तो त्यांची पत्रं लिही. कोणाची गाय व्याली का, कोणाच्या आईचा डोळा कसा आहे. सगळ्यांच्या घरची खबर त्याच्याजवळ. मी एकदा विचारलं, सार्जंट, तुझी पत्रं कोण ऐकतं? तो म्हणाला, क्लर्कने आपल्या बायकोचं पत्र शिपायांपुढे वाचलं तर दुसऱ्या दिवशी हजेरीला कोणी ताठ उभं राहणार नाही."

"मग?"

"मग तो मला वाचून दाखवू लागला."

"इंग्रजीत?"

"नाही, तुमच्याच भाषेत. मला एक अक्षर कळत नसे. म्हणूनच मी सोयीचा होतो. शेगडीजवळ बसून तो सगळं पत्र मोठ्याने वाचायचा. मग मी माझ्या आईचं पत्र वाचायचो. त्याला सगळं कळायचं. तेवढा मी तोट्यात." ते हसले. "तुमचं पत्र संपलं हे मला एका आवाजावरून समजायचं. दर वेळी तोच. लोब असावा."

लोभ असावा. प्रत्येक पत्राच्या शेवटी मी ते लिहीत असे, जसं सगळेच लिहीत.

"पुढे पुढे पहारा बदलताना आम्ही तेच म्हणत असू," वॉल्टर म्हणाले. "तो म्हणायचा लोब असावा, मी म्हणायचो लोब असावा, की झालं. माझ्या जागी आलेल्याला वाटायचं हा परवलीचा शब्द आहे."

तेवीस वर्षांची होते मी. त्या पत्रांत मी काय काय लिहिलं होतं ते मला थोडंफार आठवतं, आणि ते एका अनोळखी अमेरिकन मुलासमोर वाचलं गेलं होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही.

मग मंदार, तुझ्या प्रश्नाशी संबंधित एक गोष्ट. वॉल्टरनी एकदा आजोबांना विचारलं होतं, आपण इथे नक्की काय करतोय? आजोबा म्हणाले होते, "माझ्या गावाजवळही एक गोरा शिपाई असाच दरवाजा राखत बसलाय. तोही हाच प्रश्न विचारत असेल अशी आशा आहे." स्वतःचा देश दुसऱ्याच्या ताब्यात असताना ते तिसऱ्या देशावर ताबा ठेवायला गेले होते, आणि हे त्यांना दिसत होतं. ते चांगले होते का याचं माझ्याजवळ याहून नेमकं उत्तर नाही.

दुपारी वॉल्टरनी सांगितलं की आपल्या शिपायांना भाकरीची फार आठवण येई. शिध्यात गव्हाचं पीठ मिळे, ज्वारी मिळेना. वॉल्टरनी अमेरिकन मेसमधून मक्याच्या पिठाचं एक पोतं आणून दिलं. शिपायांनी पत्र्याच्या तुकड्यावर भाकरी भाजल्या. मला आजोबांचं ते पत्र आठवलं. "आज भाकरी खाल्ली" एवढं एक वाक्य त्यात होतं. मला वाटलं होतं, पलटणीला कुठून तरी ज्वारी मिळाली.

डॉरिसच्या कपाटात मक्याचं पीठ होतं. त्यांनी आग्रह केला म्हणून मी भाकरी करायला घेतली. पीठ भरड, त्याला चिकटपणा नाही. पहिली हातावरच तुटली, दुसरी तव्यावर. तिसरीचे चार तुकडे झाले.

डॉरिस म्हणाल्या, "ही अशीच असते का?"

"नाही. ही बिघडलेली आहे."

वॉल्टरनी एक तुकडा उचलला. "बरोबर आहे. त्यांचीही अशीच तुटली होती. एक जण तुकडे हातात घेऊन रडला होता. सार्जंट त्याला म्हणाला, रड, पण आधी खा, गार होतेय."

आम्ही तिघांनी सगळे तुकडे लोण्याबरोबर संपवले.

शनिवार

शनिवारी डॉरिस बैठकीची खोली आवरत होत्या. भिंतीवरची एकेक चौकट काढून पुसत होत्या. वॉल्टर खुर्चीत बसले होते, मी समोर. डॉरिसनी कार्डाची चौकट पुसली आणि भिंतीवर लावण्याऐवजी माझ्या मांडीवर ठेवली.

"चार वर्षं विचारायचंय," त्या म्हणाल्या. "कोणाचं लग्न होतं?"

"हो, वाचाच एकदा," वॉल्टर म्हणाले. "पहिल्यापासून. एकेक ओळ."

मी चष्मा लावला. बसमध्ये तयार झालेलं वाक्य होतं, पण त्यांनी वाचायला सांगितलं होतं, म्हणून मी वाचलं. आधी मराठी ओळ, मग तिचं इंग्रजी.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे वडील श्री. यशवंतराव रामराव जाधव यांचे अल्पशा आजाराने निधन झाले."

वॉल्टरनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मी थांबले नाही. दशक्रियेची तारीख वाचली, दशक्रिया म्हणजे काय ते सांगितलं, कृष्णेचा घाट सांगितला. खालची नावं वाचली. अविनाशचं, तुमच्या आत्याचं, वसंताचं. मग चौकटीची निळी किनार जिथे होती तिथे बोट ठेवून सांगितलं की हा कोपरा यंत्राने खाल्लेला नाही, आम्हीच फाडला होता, आणि का फाडतात.

डॉरिस म्हणाल्या, "वॉल्ट, मी दर शनिवारी ते पुसत होते." आणि त्या खाली बसल्या.

वॉल्टरनी विचारलं, "मग पत्रं?"

"मी लिहिली. आधीचीही मीच लिहीत होते, पण ती ते सांगत. शेवटची चार माझीच."

"आधीचं मला माहीत होतं. सार्जंटला असं इंग्रजी आलं असतं तर तो हवालदार राहिला नसता." ते हे हसून म्हणाले नाहीत. "पण त्या चार वर्षांत मी त्याला डॅनीबद्दल लिहिलं होतं."

डॅनी त्यांचा मुलगा. बापलेक सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. १९८३ च्या नाताळात त्यांनी त्याबद्दल दोन पानं लिहिली होती. मी आजोबांच्या नावाने उत्तर दिलं होतं, की वडीलधाऱ्याने आधी फोन करावा, त्यात कमीपणा नाही.

"मी फोन केला," वॉल्टर म्हणाले. "आता महिन्यातून एकदा बोलतो आम्ही. पण सार्जंटने सांगितलं म्हणून केला. तुम्ही सांगितलं असतं तर केला नसता. ते तुम्हाला लिहिलंच नसतं मी. डॉरिसलासुद्धा मी ते तसं बोललो नव्हतो. तो मला एकविसाव्या वर्षी ओळखत होता, म्हणून लिहिलं."

मी म्हणाले, "चूक माझी आहे."

"हो," ते म्हणाले.

त्यांनी टोपी घातली आणि बाहेर गेले. मक्यातून ट्रॅक्टरचा आवाज संध्याकाळपर्यंत येत होता. डॉरिस आणि मी शेंगा सोलल्या. सोलता सोलता त्या म्हणाल्या, "तो शनिवारी कधी ट्रॅक्टर काढत नाही."

जेवायला ते आले, हात धुतले, बसले. प्रार्थनेत आजोबांचं नाव आलं नाही. जेवण अर्धं झाल्यावर त्यांनी विचारलं, "कसा गेला?"

मी सगळं सांगितलं. छातीत दुखणं, तीन दिवस दवाखाना, शेवटच्या दिवशी त्यांनी मागितलेली ताकाची वाटी. नर्सने औषधाची वेळ चुकीची लिहिली होती, ती त्यांनी झोपल्या झोपल्या दुरुस्त करायला लावली होती. वॉल्टर म्हणाले, "क्लर्क," आणि पुन्हा जेवू लागले.

रविवार

सकाळी त्यांनीच मला बसपर्यंत सोडलं. डॉरिसनी वाटेसाठी सफरचंदं दिली आणि मला कवेत घेतलं. भिंतीवर चौकटीची जागा रिकामी होती, ते मी निघताना पाहिलं होतं.

बस आल्यावर त्यांनी माझी पिशवी ड्रायव्हरजवळ दिली आणि म्हणाले, "मिसेस जाधव, पत्र पाठवू नका. मला वाटलं तर मी लिहीन."

मी "बरं" म्हणाले. दुसरं काही म्हणण्याचा मला अधिकार नव्हता.

परत आल्यावर अविनाशने विचारलं, "कसं झालं?" मी म्हणाले, "सांगितलं." केतकी, तू तेव्हा विचारलंस, "डिड दे हॅव अ डॉग?" कुत्रा नव्हता.

सातारा

मी सप्टेंबरात घरी परतले. त्या नाताळात ओहायोहून काही आलं नाही. संक्रांतीला मी हातात पेन घेतलं आणि ठेवून दिलं, कारण शब्द दिला होता. पोस्टमन विजेची बिलं, बँकेची पत्रं आणि वसंताच्या नावाच्या लग्नपत्रिका घेऊन येत राहिला. आजोबांच्या नावाचं आता काही येत नव्हतं. एका मित्राशी त्यांचं जे उरलं होतं ते मी संपवून आले, असं मी वर्षभर धरून चालले.

गेल्या डिसेंबरात वॉल्टरचं पाकीट आलं. त्यावर माझं नाव होतं, पूर्ण, स्पेलिंगसह बरोबर. डॉरिसचा गुडघा ऑपरेशन करून बरा केला. मका चांगला आला. डॅनी मुलांना घेऊन थँक्सगिव्हिंगला आला होता आणि भांडण न करता गेला. मग एक परिच्छेद टोकियोचा. १९४७ मध्ये आपली पलटण निघाली त्या दिवसाचा. सामानाला वजनाची मर्यादा होती. आजोबांनी माझी पत्रं चौकीच्या शेगडीत एकेक करून घातली, प्रत्येक आधी पुन्हा वाचून. वॉल्टर शेजारी बसून ऐकत होते. हे तुम्हाला ठाऊक असायला हवं असं वाटलं, असं त्यांनी लिहिलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं. पत्रं बोटीत हरवली, असं आजोबांनी मला सांगितलं होतं.

मी जानेवारीत उत्तर पाठवलं. मजकूर सांगायला शेजारी कोणी नव्हतं, त्यामुळे वेळ लागला.

त्या वर्षातलं माझ्या हातचं एकही पत्र आज कुठे नाही. आजोबांनी जपानहून पाठवलेली पत्रं पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा गेली. गणवेश कधीच विरला. वॉल्टर आहेत, मी आहे, आणि आमच्यात वर्षाला दोन पत्रं आहेत. डिसेंबरात एक येतं, जानेवारीत एक जातं. त्याखाली आता माझी सही असते.

तुमची आजी